मॅच किती उरली आहे?

यंदाच्या रमजानमध्ये आमच्या शहापूरच्या मोहल्ल्यात एका गोष्टीचं सगळ्यांना कौतुक होतं. तरावीह झाली की पोरं घरी न येता मशिदीजवळच्या ओट्यावर बसत आणि थेट सेहरीलाच घरी परतत. "यंदा मुलांना रात्र जागण्याची गोडी लागली," असं शेजारच्या दादी म्हणायच्या. एका रात्री मी त्या बाजूने येत होते. दहा-बारा पोरं बसलेली, सगळ्यांच्या माना खाली, चेहऱ्यांवर फोनचा उजेड आणि एकच ओरड : "दोनशे चाळीसवर आहे रे, घराच्या मागे! मला उठव, उठव लवकर!" जागरण खरं होतं. फक्त ते पब्जीचं होतं.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सारखा असतो. मुलगा दिवसभर गेम खेळतो, काय करू? इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं : फोन काढून घ्या. यंदा तो प्रश्न आमच्याच घरी आला, तेव्हा हे उत्तर किती अपुरं आहे ते कळलं.

माझी आपा मुरबाडला असते. तिचा मुलगा तेव्हा नववीत होता. इशानंतर खोलीचं दार बंद, फजरला उठणं नाही, गणितात नापास. एका संध्याकाळी दुल्हाभाईंनी त्याला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. उत्तर नाही. ते आत गेले, फोन हिसकावला आणि अंगणातल्या दगडावर आपटला. त्यानंतर महिनाभर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. दस्तरखानावर समोरासमोर बसायचे, पण मीठ हवं असलं तरी दोघंही आपाकडेच मागायचे. मे महिन्याच्या सुट्टीत आपाने त्याला किन्हवलीमार्गे एसटीत बसवून माझ्याकडे पाठवलं. फोनवर म्हणाली, "तू रोज दुसऱ्यांच्या पोरांना समजावतेस. आता माझ्या पोराला समजाव."

समजावणार काय? ज्या पुस्तकाचं एक पानही वाचलं नाही, त्याची परीक्षा मी कशी घेणार? म्हणून मी तो गेम माझ्याच फोनवर घेतला आणि भाच्याला म्हटलं, "मला शिकव." त्याने संशयाने पाहिलं. "खाला, अब्बांनी सांगितलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही. मलाच बघायचंय त्यात काय आहे ते." तीन आठवडे, रोज असरनंतर तासभर, मी त्याची शागीर्द झाले.

आधी थोडी माहिती. हा गेम दक्षिण कोरियातला. मोबाइलवर तो २०१८ मध्ये आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात तो होता. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे बीजीएमआय, या नावाने परत आणला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. आपली पोरं मात्र आजही त्याला पब्जीच म्हणतात. खेळ असा : शंभरापर्यंत खेळाडू विमानातून पॅराशूटने एका बेटावर उतरतात. हातात काही नसतं. घराघरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी गोळा करायची. एक गोल हळूहळू लहान होत जातो, त्याच्या बाहेर राहिलं की जीव घटत जातो. शेवटी जो किंवा जी टोळी उरेल ती जिंकली. एक मॅच साधारण अर्धा तास चालते.

पहिल्याच मॅचमध्ये मी चार जणांना टिपलं आणि मोठ्या ऐटीत भाच्याकडे पाहिलं. तो हसून लोळला. "खाला, ते माणसं नव्हते. बॉट होते. नवीन माणसाला पहिल्यांदा तेच देतात, म्हणजे त्याला वाटतं आपल्याला जमतंय." कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं होतं.

आता गुण. ते मान्य केल्याशिवाय मुलं आपलं दोषांबद्दलचं बोलणं ऐकणार नाहीत.

पहिला गुण, हा नुसता धडाधड गोळ्या झाडायचा खेळ नाही. जो उघड्यावर धावतो तो आधी मरतो. गोल कुठे सरकेल याचा अंदाज घ्यायचा, उंचवटा कुठे आहे ते बघायचं, कधी लपायचं आणि कधी निघायचं ते ठरवायचं. लांबचा नेम धरताना गोळी खाली पडते, म्हणून थोडं वर धरायचं. एकेएम बंदूक जोरात लागते पण हातात उसळते. एम४१६ ला आवरणं सोपं, मार थोडा कमी. प्रत्येक निवडीत काही मिळतं, काही सोडावं लागतं. चौदा वर्षांचं पोरगं हे सगळं काही क्षणांत तोलतं, आणि आपण म्हणतो याला डोकंच नाही.

दुसरा गुण नकाशाचा. पडद्याच्या वरच्या बाजूला होकायंत्राची पट्टी असते, उत्तरेपासून अंशांत. "दोनशे चाळीसवर आहे" म्हणजे नैर्ऋत्येकडे. गेली कित्येक वर्षं मी वर्गात ईशान्य-आग्नेय घोकून घेते आणि परीक्षेत पोरं त्यांची अदलाबदल करतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी सातवीच्या वर्गाला मैदानात नेलं आणि विचारलं, "माहुलीचा किल्ला कितीवर आहे?" मागच्या बाकावरची, कधी हात वर न करणारी चार पोरं एकदम बोलली. त्यांनी अंश सांगितले, मग मी दिशांची नावं सांगितली. त्या दिवसापासून त्यांची दिशा चुकली नाही.

तिसरा गुण सर्वांत मोठा, आणि तो मला भाच्याने न सांगताच दाखवला. चार जणांची टोळी असते. त्याची टोळी म्हणजे मुरबाडचे दोघं, टोकावड्याचा एक आणि हा. गोळी लागून कोणी पडला तर लगेच मरत नाही. सोबत्याने जवळ जाऊन काही सेकंद थांबलं तर तो पुन्हा उठतो. त्या काही सेकंदांत वाचवणारा स्वतः उघडा पडतो. माझा भाचा दर वेळी जायचा. घरी एका शब्दात उत्तर देणारं हे पोरगं तिथे तिघांना सांभाळत होतं : "घाबरू नको, मी येतो. तू डावीकडे बघ. तुझ्याकडे गोळ्या नाहीत? माझ्या घे." तीन जण त्याचं ऐकत होते. मी विचार केला, आमच्या दोन्ही घरांत मिळून या मुलाचं असं ऐकणारं कोण आहे?

आता दोष.

जिंकायचं तर कानात हेडफोन हवाच, कारण शत्रूच्या पावलांचा आवाज आधी कळतो. मी स्वतः हेडफोन लावून खेळत असताना सासूबाईंनी मला दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही. त्या दिवशी मला दुल्हाभाईंचं अंगण आठवलं. त्यांनी तीन हाका मारल्या होत्या. त्यांना वाटलं, पोरगा मुद्दाम ऐकत नाही. पोराला एकही हाक पोहोचली नव्हती.

दुसरा दोष, हा गेम मध्येच थांबत नाही. कॅरम थांबवता येतो, क्रिकेटमध्ये "थांब रे, पाणी पिऊन येतो" म्हणता येतं. इथे तुम्ही फोन ठेवलात तरी मॅच चालूच राहते आणि तुमचे तीन सोबती तुमच्याशिवाय मरतात. एकदा मगरिबची अजान झाली. मी म्हटलं, "चल, ठेव." तो म्हणाला, "खाला, मी मेलो तरी चालेल, पण त्या तिघांना सोडून कसा येऊ?" त्याच्या डोळ्यांत उर्मटपणा नव्हता, पेच होता. या गेमचा सर्वांत चांगला गुण आणि सर्वांत वाईट दोष एकच आहे, हे मला तेव्हा समजलं. जी वफादारी तो शिकवतो, तिलाच तो घराविरुद्ध उभा करतो. आई जेवायला बोलावते, बाप हाक मारतो, अजान होते. आणि मुलाला वाटतं की उठणं म्हणजे मित्रांशी गद्दारी.

तिसरा दोष, याला शेवट नाही. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या चढत जायचं आणि हंगाम संपला की काही पायऱ्या खाली घसरायचं. शाळेत निदान सातवी पास झाली की आठवी मिळते. इथे दर थोड्या महिन्यांनी पुन्हा तीच पायरी. त्यात पैशांचं आमिष : कपडे, बंदुकीवरची नक्षी, पेट्या. पेटीत काय निघेल ते पैसे भरल्यावर कळतं. पैसे टाकून नशिबाची वाट बघणं याला आपल्या घरांत काय म्हणतात ते मी वेगळं सांगायला नको. नक्षीने गोळीचा नेम सुधारत नाही, हेही मुलाला एकदा समजावून सांगा.

कंपनीने १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली आहे. ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब करा : तीन तास म्हणजे सहा मॅच आणि महिन्याला नव्वद तास. आमच्या शाळेतला एक तास ३५ मिनिटांचा. म्हणजे महिन्याला दीडशेहून जास्त तासिका! आणि ही मर्यादाही खात्यावर लिहिलेल्या वयावर चालते. आमच्या भाचेसाहेबांनी खातं अब्बांच्या वयावर उघडलं होतं. मी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सगळेच तसं करतात."

जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिथेही नुसत्या तासांवरून आजार ठरवत नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडतात, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार. असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, लाजू नका. पण सुट्टीत जास्त खेळणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी म्हणू नका.

चौथा दोष मला शेवटी जाणवला, आणि तोच मनातून जात नाही. त्या बेटावर 'स्कूल' नावाची एक जागा आहे. शिक्षिका म्हणून मी हौसेने तिथे उतरले. शाळा होती, वर्ग होते. एक मूल नाही. जमिनीवर बंदुका पडलेल्या. आजूबाजूच्या गावांत शेकडो घरं, त्यांत खाटा, स्वयंपाकघरं, पण माणूस नाही. मी विचारलं, "इथले लोक कुठे गेले?" भाचा म्हणाला, "खाला, इथे कोणी राहतच नाही." रक्तही लाल दिसत नाही. मेलेला माणूस सामानाची पेटी होतो. ना जनाजा, ना आई.

गाझातल्या शाळांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शाळेत आसऱ्याला आलेली कुटुंबं, आणि नंतर त्याच शाळेचे ढिगारे. खऱ्या युद्धात गाव रिकामं नसतं. मी भाच्याला हे फोटो दाखवले नाहीत, त्याने ते आधीच पाहिले होते. फक्त त्याने दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. त्या रात्री तो बराच वेळ गप्प होता.

युद्धावरचे सगळे गेम असे नाहीत, हेही सांगायला हवं. पोलंडमध्ये २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा एक गेम निघाला. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात आपण सैनिक नसतो. वेढ्यात अडकलेली, औषध आणि अन्न शोधणारी साधी माणसं असतो. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने तो मोठ्या विद्यार्थ्यांसाठी शाळांच्या पूरक यादीत घेत असल्याचं जाहीर केलं. तो लहान मुलांचा नाही, पण युद्धाचा खेळ करतानाही माणूस दाखवता येतो, हे त्यावरून दिसतं.

आणि काही गेम याच्या उलट टोकाला आहेत. 'कॉल ऑफ ड्यूटी' या मालिकेच्या २००९ च्या भागात कराची शहर दाखवलं होतं, आणि दुकानांच्या पाट्या अरबीत होत्या! उर्दूच्या शिक्षिकेला हसावं की रडावं कळेना. याच मालिकेच्या २०२१ च्या एका भागात कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली. लोकांनी हरकत घेतल्यावर कंपनीने माफी मागून ती काढली. पब्जीतही २०२० मध्ये मूर्तीपुढे झुकण्यासारखा एक प्रकार होता. अरब खेळाडूंनी आवाज उठवला, तो काढला गेला. यातून दोन गोष्टी घ्या. बनवणाऱ्याला आपली माहिती नसते, हे एक. सभ्यपणे पण ठामपणे बोललं तर ऐकलं जातं, हे दुसरं. शिवाय बनवणाऱ्यांत आपली मुलं का नसावीत? पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' नावाचा असाच गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. पुणे मुरबाडपासून काही फार लांब नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं, "त्यासाठी गणित लागतं का?" मी म्हटलं, "भरपूर लागतं."

काही पालक विचारतात, सरकारनेच बंद का करू नये? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमना बंदी घातली. ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. म्हणजे आपला प्रश्न दिल्लीत सुटणार नाही. तो दस्तरखानावरच सोडवावा लागेल.

आम्ही तो असा सोडवला. सुट्टी संपताना मी भाच्याला घेऊन मुरबाडला गेले. एका कागदावर त्यानेच नियम लिहिले :

खात्यावर वय खरं लिहायचं.

शाळेच्या दिवशी दोन मॅच, सुट्टीच्या दिवशी चार. तास मोजायचे नाहीत, मॅच मोजायच्या.

अजान, जेवण किंवा झोपेला ४० मिनिटांहून कमी वेळ उरला असेल तर नवी मॅच सुरू करायची नाही.

इशानंतर फोन अम्मीच्या खोलीत.

खेळताना एका कानातच हेडफोन.

पेट्यांवर एक रुपयाही नाही.

आणि शेवटचा नियम मी लिहिला, तो मोठ्यांसाठी : मॅचच्या मध्ये "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणायचं नाही. जवळ जाऊन विचारायचं, "मॅच किती उरली आहे?"

दुल्हाभाईंनी कागद वाचला. काही बोलले नाहीत. फोडलेल्या फोनबद्दलही बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. त्या संध्याकाळी भाचा माझा फोन घेऊन पडवीत बसला होता. दुल्हाभाई बाहेरून आले, पायातल्या चपला काढल्या, थोडा वेळ त्याच्या मागे उभे राहिले. मग जरा अवघडून म्हणाले, "किती उरलीय?"

"सात जण राहिलेत, अब्बा. पाच मिनिटं."

"बरं," म्हणून ते शेजारीच बसले. पाच मिनिटं दोघंही पडद्याकडे बघत होते. भाच्याची टोळी दुसरी आली. दुल्हाभाईंनी विचारलं, "पहिली का नाही आली?" आणि तो सांगायला लागला.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. भाचा आता दहावीत आहे. नियम महिन्यातून दोन-तीनदा मोडतोच, आणि आपाचा फोन येतो. पण आता तो फजरला बहुतेक दिवस उठतो, सहामाहीत गणितात पास झाला, आणि मुख्य म्हणजे मीठ हवं असेल तर बापाकडे मागतो.

माझ्या वाचक बहिणींनो, भावांनो, तुमच्या घरातला फोन आज रात्री हिसकावण्याआधी एक काम करा. मुलाशेजारी बसा आणि म्हणा, "मला एक मॅच शिकव." तुम्ही पहिल्याच दोन मिनिटांत मराल, मुलगा हसेल. बोलणं तिथून सुरू करा. आणि काय झालं ते मला पत्राने जरूर कळवा.